ती बसली होती

आमच्या गल्लीत हातमाग चालू असले की कुणाला कशाची भीती वाटत नसे. दूधवाला यायच्या आधी पहिला माग सुरू व्हायचा, मग शेजारचा, मग समोरचा, आणि चहा होईपर्यंत सगळी गल्ली खटक-खट, खटक-खट करू लागायची. त्या आवाजात आम्ही पोरं अभ्यास करायचो, भांडायचो, तापानं फणफणून झोपायचोसुद्धा. भीती वाटायची ती एखादा माग मधेच थांबला की. अवेळी माग थांबला म्हणजे कुणी पडलं, कुणी गेलं, नाहीतर कुणाच्या दारात नको ते माणूस येऊन उभं राहिलं. माय रहाट फिरवता फिरवता हात थांबवायची, मान वाकडी करून ऐकायची आणि म्हणायची, "कोनाचा थांबला वं?" तेवढ्यानंच मी पुस्तक मिटून तिच्याजवळ सरकायची. आता सत्तरी उलटली, गल्लीत एकही माग उरला नाही, तरी दुपारी पंखा अचानक बंद झाला की मी हातातलं टाकून दारात येते. वीज गेलेली असते, दुसरं काही नसतं.

आमचा माग समोरच्याच खोलीत होता. खड्ड्याचा माग म्हणतात तो. जमिनीत कमरेएवढा खड्डा, त्याच्या काठावर बाबा बसायचे, पाय खाली सोडून पावड्या दाबायचे आणि हातानं धोटा इकडून तिकडे पळवायचे. मायचं काम रहाटावर कांड्या भरायचं, सुताला खळ लावायचं, तुटलेला धागा शोधून द्यायचं. लुगडं विणायला जेवढं बाबांचं अंग झिजे तेवढंच मायचं, पण खड्ड्यात पाय टाकायचा नाही हा आमच्या गल्लीतल्या बायकांचा नेम होता. बाईचा पाय खड्ड्यात पडला की घरचा पुरुष जातो, असं सगळ्या सांगत. दुसऱ्या पेठांत असं नव्हतं म्हणतात, आमच्यात होतं. मी आठेक वर्षांची असताना माझा सागरगोटा घरंगळत खड्ड्यात गेला आणि मी सरळ उतरले. मायनं मला वेणीला धरून वर ओढलं, हळदीच्या पाण्यानं पाय धुतले आणि मग दारात जाऊन बसली. बाबा त्या दिवशी लुगडी पोचवायला काटोलला गेले होते. दिवेलागण झाली, बस आली नाही. मायनं चूल पेटवली नाही. मी तिच्या शेजारी बसून आपले पाय तिच्या पदराखाली लपवत होते, बाबा आता येणार नाहीत आणि ते माझ्यामुळे, हे मला पक्कं ठाऊक झालं होतं. बस पंक्चर झाली होती. बाबा पिशवीभर संत्री घेऊन आले आणि म्हणाले, "काहून वं, अंधारात काहून बसल्या?" मायनं त्यांना कधी सांगितलं नाही. मी ती संत्री खाल्ली नाहीत.

एवढं भोगूनही पुढे मी जी चूक केली ती केलीच. अक्कल शिकवून येत नाही हेच खरं.

गल्लीच्या टोकाला, कवठाच्या झाडाशेजारी, भागाआजीचं घर होतं. ती माझी सख्खी आजी नव्हे; माझी मैत्रीण सुनंदा, तिची आजी. सुनंदाचे वडील रामभाऊ मिलमध्ये कामाला जात. त्यांच्या घरात माग होता, पण तो गोणपाट टाकून झाकलेला असे. भागाआजी बारीक, काळीसावळी, कमी बोलणारी. तिच्या हातच्या पाटवडीच्या रश्शाला तोड नव्हती. ती पाट्यावर खसखस वाटायला बसली की वास आमच्या घरापर्यंत यायचा आणि बाबा मागावरूनच म्हणायचे, "शैले, वाटी घेऊन जा गुमान." मी वाटी घेऊन जायची. रस्सा एवढा तिखट की नाकातून पाणी यायचं, आणि ती म्हणायची, "रडू नको, खाय." तिच्या उजव्या पायाचा अंगठा बाकीच्या बोटांपासून लांब फाकलेला होता आणि ती जरा खुरडत चालायची. मी रोज तो पाय पाहायची. पाहणं वेगळं आणि कळणं वेगळं.

तिच्याबद्दल बायका दबक्या आवाजात एकच वाक्य बोलत. कांड्या भरायला ओट्यावर चारजणी जमल्या की कुणीतरी तिच्या घराकडे हनुवटी करायची आणि म्हणायची, "तरुणपनी ते बसली होती ना." बाकीच्या "हो बाई" म्हणून गप्प व्हायच्या. कधी कुणी जोडायची, "विठू सूत आनून देये मांगच्या दारानं." यापुढे कोणी जात नसे. आता आमच्याकडे एखादी बाई बसली म्हटलं की त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो: लग्नावाचून कुणाच्या घरात जाऊन राहिली. मला तो अर्थ ठाऊक होता. विठू कोण हेही मी मनाशी ठरवून टाकलं.

मी गल्लीतली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. बाबांनी मला घातलं ते स्वतःच्या भावाशी भांडून, आणि घालताना बजावलं होतं, "एक बोट उठलं तुह्याकडे, का कालेज बंद." मराठीच्या बाई फार चांगल्या होत्या. त्या एकदा म्हणाल्या, इतिहासाच्या पुस्तकात राण्या सापडतात, फार तर राण्यांच्या दासी. रहाट फिरवणाऱ्या बायका कुठे गेल्या? त्यांचं काहीच लिहिलेलं नाही, तर तुम्ही गोष्टी लिहा. वार्षिकांकाला द्या. मी घरी आले आणि दोन दिवसांत गोष्ट लिहिली. भागाची गंगा केली. नवरा मेलेली तरुण विणकरीण, रात्री मागच्या दारानं निघते आणि विठूच्या घरी जाऊन बसते. समाज वाळीत टाकतो. मार खाऊन तिचा पाय कायमचा अधू होतो. विठूच्याच घरात तिला मुलगा होतो. शेवट मला फार हृदयद्रावक वाटला होता. विठूचं नाव मी बदललं नाही, कारण ते गोष्टीत छान वाजत होतं. टोकाचं घर तसंच ठेवलं. कवठाचं झाडही. त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, मी एका विसरलेल्या बाईला न्याय दिला. अठराव्या वर्षी माणूस फार न्यायी असतं.

अंक आला. माझं नाव छापून आलेलं पाहून मी एक दिवस हवेत होते. दुसऱ्या दिवशी नळावर सुनंदा भेटली. तिचं तोंड लाल झालेलं. "मले पाह्याले आले होते उमरेडचे," ती म्हणाली. "पसंत हाय म्हनते. पोराचा मावसभाऊ तुह्याच कालेजात हाय, माहीत हाय का?" माझ्या हातातली घागर नळाखाली भरून वाहत होती आणि मला ती उचलता येईना. कॉलेजातल्या प्रत्येकाला एकेक अंक मिळाला होता. उमरेडचे लोकही विणकरच. टोकाचं घर, कवठाचं झाड, विठू, आणि मुलगा. तो मुलगा म्हणजे रामभाऊ, सुनंदाचा बाप. तो बापाचा नाही असं मी छापून दिलं होतं.

त्यानंतरचे दिवस मला क्रमानं आठवत नाहीत. कॉलेजच्या वाचनालयातल्या दोन अंकांतली माझी पानं मी फाडली, आणि तिसरा कुणी नेलाय हे विचारायची हिंमत झाली नाही. त्या मावसभावाला लांबून पाहिलं. तो पोरांत उभा राहून हसत होता आणि मला वाटलं ते माझ्याच गोष्टीवर. घरी भाकर तोंडात फिरायची. जवसाची चटणी ही माझी जीव की प्राण, तीही मातीसारखी लागे. रस्त्यावर उमरेडची बस दिसली की मी बोळात शिरायची. सुनंदा रोज यायची, साखरपुड्याला कोणतं लुगडं नेसू विचारायची, आणि मी सांगायची, हिरवं. एकदा मायनं माझ्या कपाळाला हात लावला. म्हणाली, "तुले ताप नाही. तुले भेव लागलं कायचं तरी." मी नाही म्हटलं. चोराच्या मनात चांदणं असतं, माझ्या मनात तर भर दुपारचं ऊन होतं.

आणि मग एका सकाळी आमचाच माग थांबला.

बाबा खड्ड्याच्या काठावर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर अंक होता. रामभाऊंनी आणून दिला होता. उमरेडहून निरोप आला होता: साखरपुड्याचं थांबवा, रविवारी येऊन आधी एक गोष्ट साफ करून घेऊ. बाबा ओळीखाली बोट धरून हळूहळू वाचत. त्यांचं वाचून होईपर्यंत मी भिंतीला टेकून उभी होते आणि शेजारपाजारचे माग एकेक करून थांबत असल्याचा मला भास होत होता. वाचून झाल्यावर ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "रविवारी तुले बोलावतीन," ते म्हणाले. "सांगायचं, गोष्ट कोनाचीच नाही, मनानं रचली. दुसरा शबद तोंडातून निघाला तं सोमवारपासून कालेज नाही. अन् त्या पोरीचं लगन मोडलं तं या गल्लीत आपल्याले तोंड दाखवता नाही येनार."

शनिवारी दुपारी भागाआजीनं बोलावणं पाठवलं. मी गेले तेव्हा घरात ती एकटीच होती, सुपात जवस निवडत होती. शेजारी अंक. "बस," ती म्हणाली. "वाच."

"काय वाचू, आजी?"

"छापलं ते. माहं हाय म्हनतेत. मले वाचता येत नाही. तुनं लिहलं, तं तूच वाच."

मी वाचायला लागले. स्वतःचा आवाज मला परक्यासारखा येत होता. बाहेर माग चालू होते, त्यांच्या आडोशानं मी एक परिच्छेद गाळला आणि पान उलटलं. तिनं सुपातली मान वर केली नाही. "थांब. मधलं सुटलं," ती म्हणाली. "एक ठोका चुकला तरी मले आयकू येते. मांग जाय." मी मागे गेले. विठूच्या घरी बसली ते वाचलं. मार खाल्ला ते वाचलं. मग मूल झालं ते आलं, तेही वाचलं.

तिचे हात थांबले. "राम्या विठूचा?"

"नाही आजी. ते… ते गोष्टीतलं हाय. रचलेलं."

"तुले माहीत, रचलेलं हाय. वाचनाऱ्याले कसं माहीत होईन?" ती चिडलेली नव्हती, खरंच विचारत होती. "अन् मी विठूच्या घरी बसली, हे कोनी सांगतलं तुले?"

"सगळ्या म्हनतेत. ते बसली होती म्हून."

"कुठं बसली, म्हनतेत?"

मी आठवून पाहिलं. ओट्यावरच्या त्या सगळ्या दुपारी आठवल्या. कुठं ते कुणीच कधी म्हटलं नव्हतं.

भागाआजीनं सूप बाजूला केलं आणि उजवा पाय माझ्यासमोर लांब केला. "पाय पाह्य," ती म्हणाली. फाकलेला अंगठा, त्याच्या बेचक्यात कातड्याचा घट्टा, सुपारीएवढा. तसाच घट्टा मी जन्मापासून रोज पाहत होते, बाबांच्या पायाला. पावडीची दोरी अंगठ्यात धरून वर्षानुवर्षं ओढली की तो येतो, दुसऱ्या कशानं येत नाही. मी त्या पायाला मार खायला लावला होता.

"मागावर बसली मी," ती म्हणाली. "बाईच्या नावासंगं मागाचं नाव घेनं अपशकुन, म्हून बाया अर्धंच बोलतेत. बसली होती, बसली होती. तुनं बाकीचं घरून जोडलं."

मग तिनं सांगितलं ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. नवरा तीन दिवसांच्या तापानं गेला. मागावर नवरीचं लुगडं अर्धं विणलेलं. तेरावा झाल्यावर दीर माग सोडवून न्यायला येणार होता, आणि माग गेला की ती आणि पोर दिराच्या दारात तुकडे खायला जाणार होती. चौदाव्या दिवशी भर दुपारी तिनं दार लावलं आणि खड्ड्यात पाय सोडले. सगळी गल्ली बाहेर आली, कारण मेलेल्या माणसाचा माग चालत होता. लोकांना वाटलं, तोच परत आला. दाराजवळ यायची कुणाची छाती होईना. मग एका म्हाताऱ्यानं खिडकीतून पाहिलं आणि त्याला भुताहून वाईट दिसलं. बाटलेला माग न्यायला मग दीरही आला नाही. त्यानंतर सात वर्षं तिला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, कुणी विस्तव दिला नाही, सूत दिलं नाही. विठू सुताच्या ओझ्याचा हमाल, वयानं तिच्या बापाएवढा. तो मागच्या दाराशी सूत टाकून जाई आणि विणलेलं नेई. तिनं त्याचं तोंडसुद्धा नीट पाहिलं नव्हतं.

"लोकाईचं भेव नाही वाटलं तुले?" मी विचारलं.

"लोकाईचं कायचं भेव. राम्या पाच महिन्याचा होता, पाळन्यात. बाईचा पाय खड्ड्यात पडला का घरचा पुरुष जाते म्हनतेत ना? माह्या घरात पुरुष तेवढा एकच उरला होता." ती जरा थांबली. "मी एक पावडी दाबू अन् पाळन्याकडे पाहू. एक पावडी दाबू अन् पाळन्याकडे पाहू. असं लुगडं पुरं केलं."

मला रडू फुटलं. ती म्हणाली, "रडू नको. उद्या तुले इचारतीन. खोटं लिहलं म्हून सांग. अन् कुठं बसली तेही सांग. माह्या तोंडचं कोनी आयकत नाही, राम्यासुदा नाही, त्याले लाज वाटते. तुहं छापून येते."

मी हो म्हटलं. हे मी इथे लिहून ठेवते, कारण पुढचं समजायला ते लागतं. मी हो म्हटलं होतं.

रविवारी उमरेडहून पाच माणसं आली. रामभाऊंच्या घरी सतरंजी घातली होती, गोणपाटानं झाकलेल्या मागाला पाठ लावून मंडळी बसली. पोहे दिले, त्यांनी बशीला हात लावला नाही. मुलाचे आजोबा, पांढऱ्या धोतरातला शांत म्हातारा, त्यांनी मला समोर बोलावलं. बाबा दाराशी. सुनंदा आत, हिरवं लुगडं नेसून. भागाआजी मधल्या दाराच्या चौकटीत उभी. मी परकराचा घोळ मुठीत धरून ठेवला होता. "हे कोनाचं हाय, बाई?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कोणाचंच नाही, मनानं रचलं, खोटं आहे. इथवर तर बाबा आणि भागाआजी, दोघांनीही सांगितलेलंच होतं. म्हाताऱ्यानं मान हलवली. मग ते म्हणाले, "बरं. पन या घरची म्हातारी बसली होती, हे आमच्या बुढ्या बाईच्या कानावरही हाय. बिना आगीचा धूर निघत नाही. तं मंग ते बसली कुठं?"

मी भागाआजीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती, घाई न करता, वाटीत रस्सा वाढून झाल्यावर मी खाते का ते पाहायची तशी. शब्द माझ्या जिभेवर होता. मग मला बाबा दिसले. एवढा धिप्पाड माणूस, पण दाराची कडी मुठीत धरून उभा. मला कॉलेज दिसलं, सोमवार दिसला. आणि रामभाऊ घाईघाईनं म्हणाले, "देवळात बसली होती जी. बाप गेल्यावर मायनं व्रत धरलं, देवळात बसून राहे. नाही का वं, शैले?"

"हो," मी म्हटलं. "देवळात."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. ते उठले आणि चौकटीपाशी जाऊन भागाआजीच्या पाया पडले. त्या फाकलेल्या अंगठ्याला त्यांचं कपाळ लागलं. स्वतः जन्मभर विणकाम केलेला माणूस, आणि त्याला तो पाय ओळखू आला नाही. की आला, आणि त्यानंही देऊळच पसंत केलं, कोण जाणे. बशा रिकाम्या झाल्या. आत सुनंदा रडत हसत होती. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि तो हात मला नको वाटला.

मंडळी गेल्यावर मी बशा उचलायला आत गेले. भागाआजी चुलीपाशी होती. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "दोन बार बसवलं तुनं मले, पोरी. एकडाव विठूच्या घरी, एकडाव देवळात." मग तिनं मला वाटी भरून रस्सा दिला. रोजच्यासारखा. तो मी कसा संपवला ते मला आठवत नाही.

सुनंदाचं लग्न थाटात झालं. मी शिकले, शाळेत मास्तरीण झाले, तीस वर्षं मुलींना निबंध लिहायला लावले. भागाआजी सुनंदाला मूल व्हायच्या आधीच गेली. तिच्या नावानं रामभाऊंनी देवळात सिमेंटचा एक बाक दिला, त्यावर अजून अक्षरं आहेत: देवभक्त भागाबाई यांच्या स्मरणार्थ. बसायलाच दिला, बाक. मी त्या देवळात जाते, पण त्या बाकावर टेकत नाही. गोष्ट मात्र मी पुन्हा कधी लिहिली नाही. लोक विचारत, सुरुवात चांगली होती, का थांबलात? मी म्हणायची, वेळ मिळाला नाही.

हे सगळं आज काढायचं कारण सुनंदाची नात श्रुती. मिहानमध्ये कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. सुनंदा गेल्या वर्षी गेली. तिची पेटी श्रुतीनं उघडली तर तळाशी तो अंक निघाला, माझं पान दुमडलेलं. म्हणजे सुनंदानं ते स्वतः वाचलं होतं, आणि जपून ठेवलं होतं. पन्नासेक वर्षं दर दिवाळीला तिनं मला अनारसे पाठवले आणि एक अक्षर बोलली नाही. हे कळल्यावर मी दोन दिवस दार लावून बसले होते.

श्रुती मागच्या शनिवारी आली ती नाचतच. विस्मृतीत गेलेल्या बायकांवर ती मोबाईलवर मालिका लिहिते आहे, लोक वाचतात, बदाम पाठवतात. आता माझ्या गोष्टीवरून कादंबरी करणार. "आजी, माझ्या आजीची आजी कसली भारी बाई होती! त्या काळात लग्नाशिवाय राहायची हिंमत! पहिलं प्रकरण टाकलंसुद्धा मी." जी गोष्ट छापली म्हणून मी वाचनालयात पानं फाडली होती, ती आता टाळ्या घेत होती, आणि म्हणून जास्तच पक्की होत होती. आता बोलावं तर या पोरीच्या कादंबरीचं वाटोळं, तिच्या आजीचं मौन मोडणार, मी खोटी ठरणार. या खेपेला कॉलेज बंद करणारं कुणी नव्हतं. मी सगळं सांगितलं. विठू, देऊळ, माग.

ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. "मागावर बसली," ती म्हणाली. "एवढंच? पण आजी, मागावर बसण्यात एवढं काय होतं?"

मी तिला समोरच्या खोलीत नेलं. आमचा खड्डा बाबा गेल्यावर बुजवला, वर फरशी घातली, पण तिथली फरशी दोन बोटं खचली आहे. घरातलं येणारं-जाणारं तिच्यावरून जातं. मी इतकी वर्षं वळसा घालून जाते. श्रुतीनं खुर्ची ओढली, नेमकी काठावर, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि पाय त्या खचलेल्या फरशीवर ठेवून म्हणाली, "इथं? बरं, सांग, मी लिहिते."

"तुझे बाबा कुठे आहेत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"कुहीला. शाळेतून निघाले असतील, मोटारसायकलनं. का?"

"फोन लाव."

"अगं, पण का?"

"आधी फोन लाव."

ती हसणार होती, पण माझ्याकडे पाहून हसली नाही. तिनं फोन लावला. रिंग वाजत राहिली. कुणी उचलेना. तिनं पुन्हा लावला. मी खुर्चीची पाठ धरून उभी होते, आणि मी पाहिलं, पोरीनं आपले दोन्ही पाय हळूच फरशीवरून वर उचलून घेतले होते. तिसऱ्यांदा त्यानं उचलला. पेट्रोल भरत होतो, म्हणाला, काय झालं? "काही नाही, बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

फोन ठेवून तिनं समोरच्या रिकाम्या भिंतीकडे पाहिलं, जिथं पाळणा टांगला असता तिथं. मग तिनं पाय परत खाली ठेवले, एक, मग दुसरा, आणि लिहायला लागली.